डोळ्यांवरचा तवंग

"काकू, तुमचे डोळे कोरडे आहेत," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईच्या हातात भिजलेला रुमाल होता. दोन वर्षं तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाऱ्यावर गेली की जास्त, गाडीवर मागे बसली की फारच. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ लागते; तेव्हा तर ती डोळ्याला पदर लावूनच बाहेर पडायची. आम्ही गेलो होतो मोतीबिंदूचं विचारायला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिलीच नाही. आधी डोळ्यांचा कोरडेपणा कमी करू, मग लेन्सचं माप घेऊ, म्हणाले. पायऱ्या उतरता उतरता आई म्हणाली, "पाण्याने रुमाल भिजतोय आणि म्हणे कोरडे! दुसरा डॉक्टर बघू."

मलाही ते पटलं नव्हतं. पण घरी येऊन वाचायला लागले तसं लक्षात आलं, की आईचंच नाही, माझंही हेच दुखणं आहे. मी मुद्रितशोधक. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यावरचे काना-मात्रा बघते. दुपारी चारनंतर अक्षरं पुसट व्हायची, डोळे चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखं खुपायचं. मी त्या वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता आणि एकदा उगाचच बदललाही होता.

डोळ्यावर पाण्याचा एक थर असतो हे आपल्याला माहीत असतं. पण ते नुसतं पाणी नसतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. हा थर साधारण तीन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा. त्यात सगळ्यात खाली चिकट श्लेष्म असतं. त्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं, नाहीतर ते तेलकट ताटलीवरच्या पाण्यासारखं थेंब थेंब होऊन ओघळून जाईल. मध्ये पाणी, त्यात क्षार, प्रथिनं, जंतूंशी लढणारे घटक. आणि वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा. पूर्वीच्या पुस्तकांत हे तीन वेगवेगळे थर दाखवायचे, आता खालचे दोन एकमेकांत मिसळलेलेच मानतात. तेल मात्र वरच.

मिसळीचा कट आठवा. वर तर्रीचा तवंग असला की खालचा रस्सा बराच वेळ गरम राहतो, कारण वाफ सहज निघून जात नाही. डोळ्यावरचं तेल तेच काम करतं: पाणी उडून जाऊ देत नाही. हा तवंग विरळ झाला, तुटला, की खाली कितीही पाणी असो, ते भराभरा उडतं. डोळ्यांच्या कोरडेपणाच्या बहुतेक रुग्णांमध्ये अडचण पाणी कमी असण्यापेक्षा तेल कमी असण्याची असते, किंवा दोन्ही थोडं थोडं. म्हणूनच "डोळे कोरडे, तर पाणी घाला" हा सरळ हिशेब चुकतो.

हे तेल येतं पापण्यांच्या कडेतून. वरच्या पापणीत तिसेक आणि खालच्या पापणीत वीस-पंचवीस उभ्या ग्रंथी ओळीने बसवलेल्या असतात, त्यांची तोंडं केसांच्या लगेच मागे, पापणीच्या कडेवर उघडतात. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक वेळी पापणी लवते तेव्हा या ग्रंथी किंचित दाबल्या जातात, तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर पसरतं. पुन्हा लवली की पुन्हा नवा हात. पापणी लवणं म्हणजे डोळ्याचं सारवण आहे असं म्हणायला हरकत नाही.

मग आईच्या डोळ्यांतून धारा का लागत होत्या? बुबुळात संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंची अगदी दाटी असते. थर फाटून बुबुळ उघडं पडलं की हे तंतू बोंब ठोकतात आणि मेंदू वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या बाजूला असलेल्या मोठ्या अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो. ती एकदम पाणी सोडते. या लोंढ्यात तेल आणि श्लेष्म योग्य प्रमाणात नसतं, त्यामुळे ते टिकत नाही, गालावर येतं. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला सोपं आहे. नळाला रोज थोडं थोडं पाणी येणं वेगळं आणि आठ दिवसांनी टँकर येऊन अर्धं पाणी रस्त्यावर सांडणं वेगळं. आईला मी हेच सांगितलं आणि तिथपासून ती "माझा टँकर आला" असं म्हणायला लागली.

(डोळ्यांतून पाणी येण्याची इतरही कारणं असतात. डोळ्यातून नाकात जाणारी नळी बंद झाली तरी पाणी बाहेर सांडतं, पापणी आत किंवा बाहेर वळली तरी. त्यामुळे पाणी येतंय म्हणजे कोरडेपणाच, असा उलटा निष्कर्षही काढू नये.)

पाणी उडालं की मागे मीठ राहतं. मिठागरात होतं तेच. अश्रू नेहमीपेक्षा खारट होतात, त्या खारेपणाने डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी दुखावतात, सूज येते, सुजेमुळे श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि थर आणखी लवकर तुटतो. एकदा हे चक्र फिरायला लागलं की मूळ कारण दूर केल्यावरही ते आपल्या गतीने फिरत राहू शकतं. 2017 मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या आजाराची व्याख्या नव्याने मांडली, तेव्हा थराचं अस्थिर होणं, खारेपणा, सूज आणि मज्जातंतूंमधले बिघाड हे सगळं तिच्यात घेतलं.

माझ्या पुसट अक्षरांचं उत्तरही इथेच होतं. प्रकाश डोळ्यात शिरताना सगळ्यात आधी गाठतो तो हाच ओला थर. तो गुळगुळीत असेल तर चित्र स्वच्छ. तो जागोजागी फाटला तर चित्र डहुळतं, आणि पापणी लवली की क्षणभर पुन्हा स्वच्छ होतं. नजर अशी मागे-पुढे होत असेल, डोळे मिटून उघडल्यावर सुधारत असेल, तर नवा चष्मा करण्याआधी हा थर तपासून घ्यावा. चष्म्याच्या नंबराचा दोष पापणी लवल्याने जात नाही.

आता पडद्याकडे येऊ. गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्यावर टक लावून वाचताना हे पाच-सातवर येतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच वेळा पापणी अर्धीच खाली येते आणि परत वर जाते, म्हणजे सारवण निम्म्याच अंगणाचं. तुम्ही म्हणाल, पुस्तक वाचतानाही माणूस टक लावतोच की. लावतो, पण पुस्तक मांडीवर असतं, नजर खाली असते, त्यामुळे वरची पापणी डोळ्याचा बराच भाग झाकून ठेवते. डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याहून वर ठेवलेल्या पडद्याकडे बघताना डोळा सताड उघडा राहतो. मी पडदा चार बोटं खाली घेतला आणि किंचित मागे कलवला. फुकटचा उपाय आहे, आणि माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक त्याने पडला.

दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघा, हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. त्यातले आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत, त्यांच्यात जादू नाही. मला त्यापेक्षा उपयोगी पडलं ते असं: परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटायचे, दोन सेकंद मिटलेलेच ठेवायचे, हलकेच दाबायचे, उघडायचे. असं पाच वेळा. शेजारच्याला वाटतं बाईला डुलकी लागली. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर मात्र पैसे घालवू नका. संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2023 मध्ये या चष्म्यांच्या 17 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या चष्म्यांपेक्षा त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही.

पडदा हा एकच गुन्हेगार नाही. एसीची हवा कोरडी असते. कूलरची ओली असते, पण झोत तोंडावर आला तर ओलाव्याचा फायदा वाऱ्याने जातो. डोक्यावर गरगरणारा पंखा आणि झोपेत पापणी नीट न मिटणं ही जोडी तर विशेष वाईट. असे लोक सकाळी उठतात तेच डोळे चिकटल्यासारखे, खुपणारे घेऊन. घरच्या कुणाला रात्री बघायला सांगा. दुचाकीवर काच वर करून जाणारे, चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाया, कॉन्टॅक्ट लेन्स लावणारे, चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया केलेले (तिच्यात बुबुळाचे मज्जातंतू कापले जातात, ते परत वाढायला काही महिने लागतात) हे सगळे या रांगेत आहेत. वय वाढतं तसं तेल आणि पाणी दोन्ही घटतं. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, पाळी गेल्यानंतर अधिकच. मधुमेह आणि थायरॉईडशीही त्याचा संबंध आहे.

आणि औषधं. सर्दी-ऍलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरमांसाठी देतात ती आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरची काही औषधं यांनी डोळे कोरडे पडू शकतात. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांनाही त्रास होतो, बऱ्याचदा त्यातल्या प्रिझर्वेटिव्हमुळे. यातलं काहीही मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जायची. आईच्या पिशवीत रोज रात्री घ्यायची ऍलर्जीची गोळी निघाली. तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी दिलेली, कुणी बंद करायला सांगितलीच नव्हती!

एक प्रकार वेगळा काढून सांगायला हवा. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, दात भराभर किडतात, सांधे दुखतात, कमालीचा थकवा येतो. असं असेल तर तो श्योग्रेनचा आजार असू शकतो. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये आपल्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांची नोंद मांडली होती. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. इथे रक्ताच्या तपासण्या लागतात आणि संधिवाततज्ज्ञाकडे जावं लागतं. नुसत्या थेंबांनी भागत नाही.

लहान मुलाच्या डोळ्यांचा पांढरा भाग रुक्ष, सुरकुतलेला दिसला, त्यावर फेसासारखे डाग दिसले किंवा मूल संध्याकाळ झाली की ठेचकाळू लागलं, तर ते पूर्ण वेगळं आणि तातडीचं. तो 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. त्यासाठीच सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस देतात.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नसतं. खालच्या पापणीत 35 मिलिमीटर लांबीच्या टिपकागदाच्या पट्टीचं टोक अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. ऑटो शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही तशीच चालते. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणी खरोखर कमी. आईची अठरा भिजली! म्हणजे पाणी भरपूर. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात बघतात आणि पापणी न लववता थर किती सेकंद टिकतो ते मोजतात. हिरवट चमकणाऱ्या थरात काळे डाग उमटले की थर तुटला. दहा सेकंदांच्या आत तुटणं चांगलं नाही. आईचा तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला तुटत होता. पापणी दाबल्यावर तेल यायला हवं ओलिव्ह तेलासारखं पातळ. तिचं टूथपेस्टसारखं निघालं.

या चाचण्या आणि त्रास यांचा मेळ दरवेळी बसतो असं नाही, हेही माहीत असलेलं बरं. मधुमेही आणि वयस्कर माणसांत मज्जातंतू बधिर झालेले असले तर डोळा वाईट अवस्थेत असूनही तक्रार नसते. उलट काहींचे अहवाल ठीक, पण डोळे जळतात. त्यांना "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवणं अन्याय आहे.

तेल घट्ट झालं असेल तर उपाय काय, हे पुण्यातल्या डिसेंबरमध्ये खोबरेल तेलाची बाटली वापरणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेकायचं. स्वच्छ सुती फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं. लोक चुकतात ते इथे: फडकं दीड-दोन मिनिटांत गार होतं, आणि गार फडकं आठ मिनिटं ठेवून काही उपयोग नाही. पापणीला चाळीस अंशांच्या आसपास ऊब सलग मिळायला हवी, म्हणून दोन फडकी आलटून पालटून वापरायची. आठ-दहा मिनिटांनी स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच दाबत यायचं. डोळा दाबायचा नाही. मग ओल्या कापसाने पापणीची कड पुसायची, तिथे कोंड्यासारखं साचलेलं असतं ते काढायचं. रोज, निदान महिनाभर. कोरडेपणापेक्षा खाज जास्त असेल तर ती बहुधा ऍलर्जी, तिला शेक नको, गार पट्टी बरी.

थेंबांचं दुकान मोठं आहे. औषधाच्या दुकानात "डोळ्याचे ड्रॉप द्या" म्हणून मागितले की चार वेगवेगळ्या जातीची बाटली हातात पडू शकते. आपल्याला हवेत ते वंगणाचे, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट असं नाव असलेले. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. परिणाम ओसरला की डोळे आधीपेक्षा लाल. स्टेरॉइड असलेले थेंब सगळ्यात फसवे, कारण त्यांनी दोन दिवसांत झकास वाटतं. डॉक्टर गरज पडली तर थोडे दिवस ते देतातही. पण शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

वंगणाचे थेंब दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले घ्यावेत. नेहमीच्या बाटल्यांत जंतू होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, ते साबणासारखं वागतं आणि असलेला तवंगही विस्कटतं. एका वेळी एकच थेंब पुरतो. डोळ्यात मुळात सात मायक्रोलिटरच्या आसपास पाणी असतं आणि बाटलीतला एक थेंब तीस-चाळीसचा असतो, म्हणजे दुसरा थेंब सरळ गालावर. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, महिन्यानंतर टाकून द्यावी. आमच्या फ्रिजच्या दारात दीड वर्ष जुनी बाटली निघाली, "थोडी शिल्लक होती" म्हणून जपलेली.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर सुजेवर काम करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पुष्कळ जण दुसऱ्या आठवड्यातच कंटाळून सोडतात. पाणी खरोखर कमी असेल तर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात बूच बसवतात. मोरीच्या तोंडाला बोळा लावल्यासारखंच ते.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल सगळे विचारतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांना आणि नुसतं ओलिव्ह तेल घेणाऱ्यांना जवळपास सारखाच फरक पडला. बांगडा आवडत असेल तर जरूर खा, पण चवीसाठी. मध, एरंडेल, लिंबू, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात नको. ते निर्जंतुक नसतं. काजळ लावायचंच असेल तर पापणीच्या केसांच्या बाहेर. आतल्या कडेवर ओढलेली रेघ नेमकी तेलाच्या ग्रंथींच्या तोंडावर बसते.

खरं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अचानक कमी झाली असेल, एकच डोळा लालभडक असेल, पू येत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर शेकत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने तर लेन्स काढून ताबडतोब.

मोतीबिंदूच्या आधी डॉक्टरांनी तीन आठवडे का थांबवलं, ते मला नंतर समजलं. आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना बुबुळाची गोलाई मोजतात, आणि मोजणारं यंत्र ती त्याच ओल्या थरावरून परतलेल्या प्रकाशावरून मोजतं. थर फाटका असेल तर माप चुकतं. आईने कुरकुरत का होईना, दोन्ही वेळ शेकलं. पोळ्या झाल्या की तव्याशेजारच्या पातेल्यात फडकी टाकायची, ती तिची पद्धत. ऍलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. तीन आठवड्यांनी पुन्हा माप घेतलं. डाव्या डोळ्याचा लेन्सचा नंबर पहिल्या दिवशीच्या कागदावरच्यापेक्षा पूर्ण एकाने वेगळा आला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. आईने चष्मा सरसावून ते नीट पाहिले आणि दुसऱ्या डॉक्टरांचा विषय पुन्हा काढला नाही.